दीड वर्ष रोज गोळी घेऊनही ॲसिडिटी जात नाही तेव्हा

तुमचा प्रश्न नीट वाचला. वय ३८, घर बोरिवलीला, ऑफिस नरिमन पॉइंटला, दीड वर्षापासून रोज सकाळी पॅन्टोप्राझोल ४०, मध्ये दोनदा बंद करून बघितली तर तिसऱ्या-चौथ्या दिवशी आधीपेक्षा जास्त जळजळ, म्हणून परत चालू. आणि आता कोणीतरी सांगितलं की या गोळीने किडनी जाते, त्यामुळे टेन्शन. सासूबाई म्हणतात ओव्याचं पाणी घ्या, मित्र म्हणतो एंडोस्कोपी करून टाक. मी फॅमिली डॉक्टर आहे, लालबागला माझा दवाखाना आहे, आणि अगदी अशीच गोष्ट घेऊन माणसं माझ्याकडे सतत येतात, त्यामुळे जरा लांबलचक लिहिते. दोन ओळीत उत्तर दिलं तर तुम्ही उद्या सकाळी परत तीच गोळी त्याच पद्धतीने घ्याल.

पण आधी एक गोष्ट जी तुम्ही विचारलीच नाहीये आणि ती सांगितल्याशिवाय मी पुढे जाणार नाही. हार्ट. छातीच्या मधोमध किंवा पोटाच्या वरच्या खळगीत जळजळतं, दाबल्यासारखं होतं, ते कधी येतं हे आठवून बघा. बॅग खांद्यावर घेऊन स्टेशनचा पूल चढताना येतं, वर पोचून उभं राहिलं की पाच-दहा मिनिटात जातं, असं असेल तर ते पोटाचं समजू नका, हृदयाला रक्त कमी पडत असण्याची दाट शक्यता असते आणि त्याच दिवशी डॉक्टरला दाखवायचं. हृदयाचा खालचा भाग मधल्या पडद्यावर टेकलेला असतो, त्याच्या लगेच खाली जठर, आणि दोघांच्या संवेदना मेंदूकडे जवळजवळ एकाच वाटेने जातात, म्हणून हार्ट अटॅक बऱ्याच लोकांना 'गॅस वर चढला' असाच वाटतो. डायबेटिसवाल्यांना, बायकांना आणि वयस्कर माणसांना तर छातीत दुखतच नाही कधीकधी, नुसता घाम, मळमळ, अस्वस्थपणा आणि थकवा. इनो प्यायलो, ढेकर आला, बरं वाटलं म्हणजे हार्ट नाही हे साफ चुकीचं आहे, अँटासिडने बरं वाटण्यावरून काहीही ठरत नाही. घाम फुटला, जबडा, हात किंवा पाठ दुखायला लागली, दम लागला तर रात्रभर वाट बघू नका, १०८ ला फोन करा, ती ॲम्ब्युलन्स फुकट असते, किंवा शेजाऱ्यांना उठवा आणि जवळच्या मोठ्या हॉस्पिटलला जा, ईसीजी काढा. पहिला ईसीजी नॉर्मल आला तरी त्रास चालू असेल तर तो परत काढतात आणि रक्तात ट्रोपोनिन (हृदयाच्या स्नायूला इजा झाली की वाढणारं प्रथिन) बघतात, त्यामुळे एक कागद हातात घेऊन घरी परत येऊ नका.

आता तुमच्याकडे येते. तुमचं वर्णन असं आहे की रात्री आडवं झालं की छातीत जळजळ, घशाशी आंबट पाणी, सकाळी तोंड कडू, कधी कोरडा खोकला. पूल चढताना काही नाही, वजन उतरलेलं नाही, गिळताना अडकत नाही. हे बरंचसं रिफ्लक्सचं चित्र आहे, म्हणजे जठरातलं ॲसिड वर अन्ननलिकेत येतंय. आपण सगळ्यालाच ॲसिडिटी म्हणतो, पण त्यात निदान चार वेगळ्या तक्रारी मिसळलेल्या असतात. एक ही, रिफ्लक्सची. दुसरी, चार घास खाल्ले की पोट गच्च, तासन् तास जेवण तिथेच बसल्यासारखं, वरच्या पोटात दुखणं, एंडोस्कोपीत काही सापडत नाही, याला फंक्शनल डिस्पेप्सिया म्हणतात. तिसरी, अल्सर किंवा जठराला आलेली सूज, बहुतेक वेळा एक जंतू नाहीतर पेनकिलरमुळे. चौथी, नुसता गॅस आणि फुगणं, ज्याचा ॲसिडशी फारसा संबंधच नसतो, तो आतड्यातला विषय. आणि हो, डोकं अर्धं ठणकतं, उजेड सहन होत नाही, उलटी झाली की मोकळं वाटतं आणि घरचे म्हणतात पित्त झालंय, ते बहुतेक वेळा मायग्रेन असतं, त्याला पोटाच्या गोळ्या कितीही खा, उपयोग नाही. मी हे एवढं का सांगतेय, तर तुम्हाला दीड वर्षापूर्वी कोणीही विचारलं नाही की नेमकं काय होतं आणि कधी होतं, मेडिकलवाल्याने गोळी दिली आणि ती किती दिवस घ्यायची हे कोणी ठरवलंच नाही. कशासाठी आणि कधीपर्यंत, हे दोन्ही माहीत नसताना गोळी चालू राहिली, तिथे घोळ झालाय.

रिफ्लक्समध्ये ॲसिड जास्त बनतं असा समज आहे. बहुतेकांच्या पोटात ते नेहमीएवढंच बनत असतं, दिवसाला दीड-दोन लिटर जठररस आपल्या सगळ्यांच्याच पोटात तयार होतो आणि तो हवाच, अन्न पचायला आणि जंतू मारायला. प्रॉब्लेम असा की ते चुकीच्या जागी येतं. अन्ननलिका जिथे जठराला मिळते तिथे एक गोल स्नायू आवळलेला असतो, घास गेला की बंद होतो. पोट तट्ट भरलं की हा स्नायू मधूनमधून आपोआप सैल पडतो, ढेकर येतो तो त्यातूनच, आणि त्याच वेळी तुम्ही आडवे असाल तर ढेकराबरोबर ॲसिडही वर. तळलेलं खाल्लं की जठर रिकामं व्हायला खूप जास्त वेळ लागतो आणि हा स्नायूही सैल होतो. पोटाचा घेर वाढला की आतून दाब येतो. आपल्याकडे पुरुषांची कंबर ९० सेंटीमीटरच्या वर आणि बायकांची ८० च्या वर गेली की धोका धरतात, आणि बारीक हातापायाचे पण पोट सुटलेले लोक यात भरपूर असतात, वजन काट्यावर फार दिसत नाही त्यांचं.

आता तुमची रात्र बघा. आठला ऑफिस सुटतं, चर्चगेटला गर्दीतून गाडी पकडून बोरिवली, तिथून रिक्षा, घरी पोचायला पावणेदहा, अंघोळ, पोरांशी दोन शब्द, साडेदहाला जेवण, ते पण दिवसातलं सगळ्यात मोठं कारण दुपारचा डबा मीटिंगमध्ये अर्धा खाल्लेला, चार पोळ्या, भाजी, वरणभात, आणि सव्वाअकराला आडवे कारण सकाळी सव्वासातची गाडी. जठर तेव्हा पूर्ण भरलेलं आहे, ॲसिड जोरात बनतंय, आणि तुम्ही सपाट झोपलात. कुठलीही गोळी याला पुरी पडणार नाही हो. गोळी ॲसिड कमी करते, वर येणं थांबवत नाही.

जेवण आणि झोप यात तीन तास ठेवा असं पुस्तकात लिहिलेलं असतं आणि मुंबईत लोकलने जाणाऱ्या माणसाला ते सांगितलं की तो नुसता बघत राहतो. म्हणून मी माझ्या पेशंटना वेगळं सांगते. रात्रीचं जेवण दोन भागात करा, मोठा भाग संध्याकाळी सात-साडेसातला ऑफिसातच. सकाळीच दुसरा छोटा डबा घ्या, दोन पोळ्यांची गुंडाळी भाजी घालून, किंवा इडली, किंवा चटणीचं सँडविच आणि उकडलेलं अंडं, जे चालतं ते. त्या वेळी स्टेशनबाहेरचा वडापाव किंवा समोसा नको, तो तळलेला पदार्थ गाडीतून उतरेपर्यंत तिथेच असतो. मग घरी पोचल्यावर एक वाटी मुगाची खिचडी, किंवा थोडा ताकभात, किंवा नुसतं सूप, बास. पहिला आठवडा अवघड जातो आणि बहुतेकांची अडचण भुकेची नसतेच, घरी बायको जेवायची थांबलेली असते आणि ती दिवसभरातली एकत्र बसायची एकच वेळ असते. ती वेळ सोडू नका, ताटात बसा, फक्त वाटीभर खा, वहिनींना आधी नीट समजावून सांगा की हे जेवण आवडलं नाही म्हणून नाहीये. ज्यांनी एवढं एकच पंधरा दिवस मन लावून केलं त्यांच्यातल्या बऱ्याच जणांना रात्री उठून पाणी प्यायची वेळ येत नाही हे मी बघत आलेय.

झोपण्याचंही सांगते कारण याला पैसे लागत नाहीत आणि फरक पडतो. डाव्या कुशीवर झोपा. जठराची ठेवण अशी आहे की डाव्या कुशीवर ॲसिडचं तळं अन्ननलिकेच्या तोंडाच्या खाली राहतं, उजव्या कुशीवर ते वर येतं. दुसरं, डोक्याकडची बाजू ६ ते ८ इंच उंच हवी. पलंग असेल तर डोक्याकडच्या पायांखाली लाकडी ठोकळे घाला. वन रूम किचनमध्ये खाली गादी घालून झोपत असाल तर गादीच्या खाली कमरेपासून डोक्यापर्यंत गोधड्या आणि ब्लँकेट अशा घड्या करून लावा की उतार तयार होईल. नुसत्या दोन उशा घेऊ नका, त्याने मान आणि पोट दुमडतं, पोटावर दाब अजून वाढतो आणि मान आखडते ती वेगळीच.

आता गोळी. पॅन्टोप्राझोल, ओमेप्राझोल, राबेप्राझोल, इसोमेप्राझोल सगळी एकाच घराण्यातली, त्यांना पीपीआय म्हणतात. जठराच्या पेशींमध्ये ॲसिड बाहेर टाकणारे बारीक पंप असतात, ही गोळी रक्तातून तिथे पोचते आणि पंप कायमचा बंद करते, मग शरीर नवीन पंप बनवतं. पण ती फक्त त्या वेळी चालू असलेलेच पंप पकडते, आणि पंप चालू होतात ते जेवल्यावर. म्हणून ती जेवणाच्या अर्धा ते एक तास आधी घ्यायची आणि मग खरंच जेवायचं. तुम्ही सकाळी सहाला गोळी घेता, मग चहा, मग गाडी, ऑफिसला अजून एक चहा, आणि पोटात पहिलं अन्न दुपारी एकला. तोपर्यंत गोळीचं औषध रक्तातून जवळपास निघून गेलेलं असतं. चहा म्हणजे जेवण नाही. तुमची दीड वर्षाची बरीचशी गोळी वाया गेलीय असं मला वाटतं, आणि हे तुमचं एकट्याचं नाहीये, बहुतेक लोक ती अशीच घेतात कारण स्ट्रिपवर कुठे समजावून लिहिलेलं नसतं. रिफ्लक्स मुख्यतः रात्री असेल तर डॉक्टरला विचारून ती संध्याकाळच्या त्या मोठ्या डब्याआधी अर्धा तास घेतली तर जास्त कामाची. चावू नका, तोडू नका, तिच्यावर जे आवरण असतं ते पोटातल्या ॲसिडपासून तिलाच वाचवायला असतं. आणि जळजळ झाली की लगेच एक, असं तिचं काम नाही, पूर्ण परिणाम यायला तीन ते पाच दिवस लागतात. लगेच आराम पाहिजे असेल तर तो पातळ अँटासिडचा विषय.

बंद केल्यावर दुप्पट त्रास का झाला, याचं कारण बऱ्याच जणांना माहीत नसतं आणि मग ते समजतात आपल्याला आयुष्यभर गोळी लागणारच. बरेच महिने ॲसिड दाबून ठेवलं की शरीर ते वाढवण्यासाठी गॅस्ट्रिन नावाचं हार्मोन जास्त सोडतं, ॲसिडला चालना देणाऱ्या पेशी वाढतात, आणि गोळी झटकन काढली की काही आठवडे ॲसिड नेहमीपेक्षा जास्त बनतं. ज्यांना कधी ॲसिडिटी नव्हती अशा निरोगी लोकांना दोन महिने ही गोळी देऊन थांबवली तर त्यांनाही जळजळ सुरू झाली, हे अभ्यासात दिसलंय. म्हणजे तिसऱ्या दिवशीची ती जळजळ म्हणजे आजार परत आला असंच नाही, ती गोळी सोडण्याची जळजळ असू शकते, आणि ती उतरते. म्हणून हळूहळू सोडायची. आधी वरचं जेवणाचं आणि झोपेचं सगळं दोन-तीन आठवडे करा, त्या आधी गोळीला हात लावू नका. मग ४० ची २० करा दोन आठवडे, मग २० एक दिवसाआड दोन आठवडे, मग बंद. मधल्या काळात जळजळ झाली तर जेवणानंतर आणि झोपताना अल्जिनेट असलेलं सिरप घ्या, ते जठरातल्या पदार्थावर फेसाचा थर बनवून तरंगतं आणि ॲसिड वर यायला अडवतं, किंवा डॉक्टरला विचारून फॅमोटिडीन २०. ते रोज घेतलं तर काही दिवसात त्याचा जोर कमी होतो, म्हणून लागेल तेव्हाच. जुनी रॅनिटिडीन घरात पडलेली असेल तर ती नको, तिच्यात एनडीएमए नावाची अशुद्धी सापडल्यावर अमेरिकेत २०२० मध्ये ती बाजारातून काढायला लावली होती.

इथे एक कळकळीने सांगते, हे सोडायचं वेळापत्रक सगळ्यांसाठी नाहीये. ज्यांना अन्ननलिकेला मोठे व्रण होते, बॅरेट्स (ॲसिडमुळे अन्ननलिकेचं अस्तर बदलणं) सांगितलंय, अल्सरमधून रक्त गेलं होतं, किंवा हार्टसाठी ॲस्पिरिन आणि दुसरी रक्त पातळ करायची गोळी चालू आहे, त्यांच्यासाठी पीपीआय संरक्षण म्हणून दिलेली असते. ती माझं वाचून बंद करू नका. त्यांनी फक्त एवढं विचारायचं की क्लोपिडोग्रेल ही रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर ओमेप्राझोल आणि इसोमेप्राझोल टाळतात, पॅन्टोप्राझोल चालतं, आपली कुठली आहे.

किडनीची भीती. पीपीआयमुळे किडनीला अचानक सूज येऊ शकते हे खरं आहे पण ते फार क्वचित होतं. जास्त वर्षं गोळी घेणाऱ्यांमध्ये किडनीचे, हाडांचे, स्मृतिभ्रंशाचे आजार जास्त दिसले असे बरेच अभ्यास झाले, पण ते नुसत्या नोंदी बघून केलेले, आणि जो माणूस वर्षानुवर्षं गोळ्या घेतो तो मुळात जास्त आजारी असतो हे त्यात मिसळतं. २०१९ मध्ये एक मोठी चाचणी प्रसिद्ध झाली, १७ हजारांहून जास्त हृदयरुग्णांना निम्म्यांना पॅन्टोप्राझोल ४० आणि निम्म्यांना खोटी गोळी, साधारण ३ वर्षं, त्यात ठळक फरक फक्त पोटाच्या इन्फेक्शनचा दिसला, तोही थोडा. त्यामुळे दीड वर्षाने तुमची किडनी गेली असेल असं समजून रात्र जागवू नका. फार वाटत असेल तर एक क्रिएटिनिन आणि लघवीची साधी तपासणी करा. जास्त वर्षं घेणाऱ्यांनी बी१२ मात्र जरूर तपासावं, विशेषतः शाकाहारी असाल आणि डायबेटिससाठी मेटफॉर्मिनही चालू असेल तर, तिन्ही एकत्र आले की ते कमी निघण्याची शक्यता वाढते. आणि पायात गोळे येत असतील तर मॅग्नेशियम.

ज्या गोळीच्या नावापुढे 'डी' असतो ती घेत असाल तर त्यात डोमपेरिडोन पण असतं. ते मळमळीवर आणि जठर पुढे ढकलण्यासाठी थोडे दिवस द्यायचं औषध आहे, हृदयाच्या ठोक्यांवर परिणाम करू शकतं, महिनोन् महिने रोज घ्यायचं नाही. लेव्होसल्पिराईड असलेल्या गोळ्या तर वयस्कर माणसांना देऊन ठेवल्या की हात थरथरणं, चाल मंदावणं असं पार्किन्सनसारखं दिसायला लागतं. घरात आजी-आजोबांची स्ट्रिप असेल तर आज उलटून वाचा, खरंच वाचा.

पेनकिलरचं पण असंच. गुडघे दुखतात म्हणून काकू रोज डायक्लोफिनॅक नाहीतर ॲसिक्लोफिनॅक घेतात आणि वर ॲसिडिटीची गोळी घेतात, मूळ कारण त्या पहिल्या गोळीत असतं. डॉक्सीसायक्लिन किंवा हाडांसाठीची अलेंड्रोनेट घोटभर पाण्यात घेऊन लगेच आडवं झालं तर ती अन्ननलिकेत अडकून चट्टा पाडते, ग्लासभर पाणी आणि अर्धा तास उभं-बसतं, एवढं पाळा. आणि मिश्री, तंबाखू, सिगरेट. गुटख्यावर महाराष्ट्रात २०१२ पासून बंदी आहे तरी कुठे मिळतो ते सगळ्यांना माहितीय. तंबाखूने तो गोल स्नायू सैल पडतो आणि लाळेचा ॲसिड धुवायचा गुण कमी होतो, हे चालू ठेवून बाकी काहीही केलं तरी अर्धवटच.

सासूबाईंच्या ओव्याबद्दल. घ्या की, पण कशासाठी ते बघून. ओवा, जिरं, बडीशेप, हिंग हे गॅस आणि पोट गच्च वाटण्याला बऱ्याच लोकांना बरे पडतात, रिफ्लक्सच्या जळजळीवर त्यांच्याकडून फार अपेक्षा ठेवू नका. ताक बहुतेकांना चालतं. आमसूल, कोकम सरबत, आवळा आंबट आहेत, कोणाला चालतात कोणाला झोंबतात, तुमचं तुम्ही बघा, पण रात्री झोपताना नको. थंड दूध प्यायल्यावर लगेच छान वाटतं आणि नंतर त्यातल्याच कॅल्शियम आणि प्रोटीनमुळे ॲसिड परत वाढतं, शिवाय आपल्यात दूध न पचणारे खूप आहेत, त्यांचं पोट फुगतं ते वेगळं. पुदिन्याच्या गोळ्या गॅसला ठीक, पण पुदिना तो गोल स्नायू सैल करतो, म्हणून रिफ्लक्सवाल्यांनी जपून. खायचा सोडा किंवा फसफसणारी पावडर कधीतरी चालेल, रोज नाही, त्यात सोडियम भरपूर असतं आणि बीपी, किडनी, हार्टवाल्यांना ते बाधतं. लग्नात आकंठ जेवून आल्यावर तर नकोच, आत एकदम गॅस तयार होऊन जठर फाटल्याच्या दुर्मिळ पण खऱ्या घटना नोंदवलेल्या आहेत. अँटासिड आणि थायरॉईडची, लोहाची किंवा काही अँटिबायोटिकची गोळी एकत्र घेऊ नका, मध्ये निदान दोन तास, थायरॉईडला तर चार. वैद्यांकडून सूतशेखर वगैरे घेत असाल तर वैद्यांना विचारून आणि ठराविक दिवसच, त्यात पारा आणि गंधक असतात, मेडिकलमधून आपल्या मनाने आणायची ती वस्तू नाही.

एक सवय मात्र सोडाच, सकाळी मिठाचं कोमट पाणी पिऊन घशात बोटं घालून पित्त पाडणं. लालबाग-परळच्या जुन्या चाळींमधून ही अजून आहे आणि माणसं मोठ्या विश्वासाने करतात, कारण उलटी झाली की तात्पुरतं हलकं वाटतं. पण तुम्ही रोज स्वतःच्या हाताने ॲसिड अन्ननलिकेत आणताय, दातांचं वरचं कवच झिजतं, अन्ननलिका चिरू शकते. उलटी झालीच कधी तर लगेच ब्रश करू नका, नुसती चूळ भरा आणि अर्धा तास थांबा.

उपासाचं बऱ्याच जणी विचारतात म्हणून लिहिते. संकष्टीला दिवसभर चारदा चहा, दुपारी शेंगदाण्याच्या कुटाने आणि तुपाने जड झालेली साबुदाण्याची खिचडी, चंद्रोदय रात्री नऊ-दहाच्या आसपास, मग आरती, मग पूर्ण ताट आणि मोदक आणि लगेच झोप. दुसऱ्या दिवशी हे पेशंट दवाखान्यात असतात. उपास सोडा असं मी कधीच म्हणत नाही. वरईचे तांदूळ, उकडलेलं रताळं, राजगिरा, केळं, ताक असं थोडं थोडं दिवसभर घ्या, चहा एकदोनदाच आणि रिकाम्या पोटी नको, आणि चंद्र बघितल्यावर एक मोदक आणि अर्धं जेवण. डायबेटिस असेल तर आधी औषधाचं डॉक्टरशी बोला.

मिसळ, ठेचा, तिखट बंद करा असं मी सरसकट सांगत नाही, चहाचंही नाही. ज्याला ज्याने होतं त्याने ते सोडावं. आठ-दहा दिवस मोबाईलमध्ये लिहून ठेवा काय खाल्लं, किती वाजता, कधी जळजळलं. बहुतेक वेळा पदार्थापेक्षा वेळ आणि ढीगच सापडतो.

आता मित्राची एंडोस्कोपी. तो अर्धा बरोबर आहे. गिळताना अडकणं, वजन आपोआप उतरणं, डांबरासारखी काळी चिकट शी, रक्ताची उलटी, हिमोग्लोबिन घसरणं, सतत उलट्या, किंवा वयाच्या पन्नाशीनंतर पहिल्यांदाच सुरू झालेला त्रास, यातलं काही असेल तर थांबायचं नाही, आणि रक्ताची उलटी किंवा काळी शी असेल तर सरळ कॅज्युअल्टी. फक्त लोहाच्या गोळीनेही शी काळपट होते ते लक्षात ठेवा. तुमच्याकडे यातलं काही नाही, म्हणून उद्याच धावायची गरज नाही. सहा-सात आठवड्यात वरचं सगळं करा, गोळी उतरवा. बंद केल्यावर महिना-सव्वा महिना झाला तरी जळजळ आठवड्यात दोन-तीनदा होतच असेल तर मग एंडोस्कोपी कराच, आणि ती गोळी बंद असतानाच केलेली बरी, कारण चालू गोळीत व्रण भरून आलेले असतात आणि खरं चित्र दिसत नाही.

त्यातच एच. पायलोरी जंतू पण तपासून घ्या. १९८२ मध्ये बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरेन या ऑस्ट्रेलियन डॉक्टरांनी हा शोधला, अल्सर टेन्शनने होतो असं तेव्हा सगळे मानायचे, मार्शलने १९८४ मध्ये स्वतः तो जंतू पिऊन आजारी पडून दाखवलं, आणि २००५ मध्ये दोघांना नोबेल मिळालं. आपल्याकडे निम्म्याहून जास्त मोठ्या माणसांच्या पोटात तो असतो आणि सगळ्यांना त्रास देत नाही. पण वरच्या पोटात दुखत असेल, अल्सर असेल, घरात कोणाला जठराचा कॅन्सर झालेला असेल तर तपासायचाच. श्वासाची टेस्ट असते, शीची असते, नाहीतर एंडोस्कोपीत तुकडा घेतात. पीपीआय दोन आठवडे आणि अँटिबायोटिक चार आठवडे बंद नसेल तर जंतू असूनही टेस्ट निगेटिव्ह येऊ शकते, हे लॅबवाले विचारत नाहीत, तुम्ही स्वतः सांगा. सापडला तर १४ दिवसांचा पूर्ण कोर्स, मधेच सोडायचा नाही, आणि संपल्यावर महिन्याने परत टेस्ट करून गेला की नाही बघायचं.

खर्चाचं तुम्ही लिहिलं होतं म्हणून सांगते. केईएम, सायन, नायर तिन्ही महापालिकेच्या हॉस्पिटलमध्ये पोटविकाराचा वेगळा विभाग आहे आणि तिथला खर्च खाजगीपेक्षा खूप कमी येतो, फक्त नंबर लागतो, आधी ओपीडीत दाखवून तारीख घ्यावी लागते, सकाळी लवकर जा आणि जुने रिपोर्ट आणि घेत असलेल्या सगळ्या गोळ्यांच्या स्ट्रिप पिशवीत घालून न्या. एंडोस्कोपीच्या आधी साधारण सहा-आठ तास पोट रिकामं ठेवायला सांगतात, तपासणी पाच-दहा मिनिटांची असते, घशात सुन्न करायचा स्प्रे मारतात. झोपेचं इंजेक्शन घेतलं तर त्या दिवशी गाडी चालवायची नाही आणि बरोबर कोणीतरी हवं, वहिनींना किंवा त्या मित्रालाच घेऊन जा.